पाळणा केव्हा हलावा? — कै. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे चरित्र

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा रिवाज सर्वत्र आहे. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, रमाबाई रानडे, डॉ. आनंदीबाई जोशी यांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो. या खेपेस ज्या गृहस्थांची ओळख करून द्यावयाची आहे, त्यांचे नाव हळदीकुंकवाच्या समारंभात कोणी घेत नाही. त्यांच्या हयातीत तर ते नाव सभ्य घरात मोठ्याने उच्चारण्याचीही चोरी होती. तरीही आपल्या अंधेरी-बोरिवलीच्या, मुलुंड-घाटकोपरच्या घराघरांतून जो एक प्रश्न आज मोकळेपणाने विचारला जातो, तो विचारता येण्यासाठी या गृहस्थांनी आपली नोकरी, अब्रू आणि उभी हयात वेचली आहे.

तो प्रश्न असा की, पहिले मूल केव्हा होऊ द्यावे? लग्नाला वर्ष झाले की सासूबाई आडून सुचवू लागतात, दोन वर्षे झाली की आत्याबाई सरळच विचारतात, आणि तीन झाली की जिन्यात भेटलेली शेजारीणही काळजीचा सूर काढते. सुनेच्या डोक्यात मात्र निराळेच आकडे चाललेले असतात. जागेच्या कर्जाचा हप्ता, आगगाडीतली रोजची दोन-तीन तासांची ये-जा, पाळणाघराची फी, आणि बाळंतपणाची रजा संपल्यावर मूल कोणापाशी ठेवावयाचे हा घोर. हा हिशेब तिने करावा की करू नये, यावर घरोघर मतभेद आहेत. परंतु हिशेब करण्याजोगी ही गोष्ट आहे, हीच कल्पना आपल्या शहरात जेमतेम शंभर वर्षांची आहे. ती येथे रुजविणाऱ्यांत कै. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा मान पहिला.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. स्त्रीशिक्षणाचे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील आणि राधाबाई ही आई. त्या वेळी वडील तेवीस वर्षांचे होते, परंतु ते अद्याप विद्यार्थीच होते. आदल्याच वर्षी ते मॅट्रिक झाले होते, आणि बी. ए. व्हावयास त्यांना १८८४ साल उजाडावे लागले. म्हणजे पदवी नाही, नोकरी नाही, शिकवण्यांवर गुजराण, आणि घरात पाळणा हललेला. यात कोणाला काही वावगे वाटले नाही, कारण त्या काळी लग्ने लहानपणीच होत आणि मुले देवाच्या मर्जीने होत. आपल्याला मूल परवडेल काय, हा प्रश्न कोणी मनाशीदेखील आणीत नसे. शेजारपाजारच्या दहा घरांत जे होई तेच आपल्या घरात होई.

१८९१ साली राधाबाई वारल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी वडील पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या समाजाने कुटुंबावर बहिष्कार घातला. या गोदूबाईच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. अण्णासाहेबांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, आणि तेव्हापासून त्यांचा पगार, शिल्लक, एवढेच नव्हे तर आयुर्विम्याची पॉलिसीदेखील आश्रमाकडे जाऊ लागली. जगाने त्यांना महर्षी म्हटले ते योग्यच झाले. परंतु घरात वाढती मुले, हाती बेताचा पैसा आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडणारा धनी, अशा स्थितीत संसार बायांनी रेटला. त्यांनी सुईणीचे शिक्षणही घेतले होते. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी हे सारे मोकळ्या मनाने लिहिले आहे. ज्या भगिनींनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे, म्हणजे एका थोर माणसाच्या घरातली चूल कशी पेटते ते कळेल.

अशा घरात रघुनाथराव वाढले. आईचे मरण, नव्या आईची ओढाताण, आणि आश्रमात आलेल्या कोवळ्या वयाच्या विधवा, हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. बुद्धीने ते असामान्य. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला. १९०४ साली फर्ग्युसन कॉलेजातून ते बी. ए. झाले. वडिलांप्रमाणेच त्यांचाही विषय गणित. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ साली अधिक अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले आणि तेथून गणितातील पदविका घेऊन परतले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताची प्राध्यापकी म्हणजे त्या काळी मानाची आणि बेगमीची जागा होती.

त्यांच्या पत्नी मालतीबाई. महर्षींच्या चरित्रात बायांची जी जागा, तीच रघुनाथरावांच्या चरित्रात मालतीबाईंची. त्यांच्याविषयी लिहिलेले थोडे सापडते, परंतु त्यांच्याखेरीज पुढचे काहीच घडते ना. पतीने जे व्रत घेतले त्यात मिळकतीचा भरवसा नव्हता आणि वेळेला सीमा नव्हती. या दोघांनी विचार करून ठरविले की आपण मूल होऊ द्यावयाचे नाही. ज्या काळात मूल नसलेल्या बाईकडे ओटी भरण्याच्या वेळी लोक वळूनसुद्धा पाहत नसत, त्या काळात हा निर्णय बाईला केवढा महाग पडला असेल, हे आपण बायकांनीच समजून घ्यावे. पुरुषाला लोक तऱ्हेवाईक म्हणून सोडून देतात, बाईला वांझ म्हणतात. मालतीबाईंनी ते सोसले आणि पतीच्या कार्यात त्या अखेरपर्यंत त्यांच्या पाठीशी राहिल्या. दुसऱ्यांना कुटुंब बेतशीर ठेवा म्हणून सांगणाऱ्या या जोडप्याने आपल्या घरचा हिशेब आधी मांडला होता.

आता त्या वेळची मुंबई कशी होती ते पाहू. गिरण्यांच्या चाळींतून एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत. बाई सकाळी गिरणीत जाई आणि तान्हे मूल रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी चाटवून निजविले जाई. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावली. हा आकडा वाचून डोळे पाणावतात. त्या बायकांची बाळंतपणे थांबत नव्हती, कारण एक दगावले की दुसरे पोटात असे. वरच्या वर्गाच्या घरांतूनही चित्र फारसे निराळे नव्हते. तेथे दूध आणि डॉक्टर होते एवढेच. वर्षाआड बाळंतपण, पांढरा फटफटीत चेहरा आणि तिशीत म्हातारपण ही पांढरपेशा गृहिणीचीही कहाणी होती. आपली उपनगरे तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही भातशेतांची आणि वाड्यांची गावे होती.

याच १९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हिंदुस्थानातील हे पहिले केंद्र मानले जाते. हे धाडस केवढे होते ते कळण्यासाठी जगाकडे पाहावे. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असे केंद्र काढले होते, ते पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले आणि बाईंना तुरुंगात जावे लागले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले ते १९२१ च्या मार्चमध्ये. म्हणजे जे इंग्लंडात नुकतेच सुरू होत होते, तेच त्याच वर्षी आपल्या मुंबईत एका मराठी प्राध्यापकाने आरंभिले.

या केंद्रात काय होत असे? जोडप्यांना, विशेषतः स्त्रियांना, गर्भ कसा राहतो आणि तो राहू नये म्हणून कोणती साधने वापरावयाची, हे शास्त्रीय भाषेत समजावून सांगितले जाई आणि साधने मिळवून दिली जात. बस्स, एवढेच. आज औषधाच्या दुकानात सहज मिळणारी वस्तू आणि डॉक्टरणीकडे अर्ध्या तासात मिळणारी माहिती! परंतु त्या काळी ही माहिती मराठीत कोठेच छापलेली नव्हती म्हटले तरी चालेल. मुली सासरी जात त्या आंधळ्यासारख्या. आईला सांगावयास लाज वाटे, आणि बहुतेक आयांना स्वतःलाच काही ठाऊक नसे. १९२३ साली रघुनाथरावांनी ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक लिहून ही उणीव भरून काढली. त्याच वर्षी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही त्यांनी पुस्तक लिहिले, कारण नवऱ्याच्या चुकीने बायकोला जडणारी दुखणी हा त्या काळचा मोठा आणि मुका प्रश्न होता.

कॉलेजचालक मिशनरी मंडळींना आपल्या प्राध्यापकाचे हे उद्योग पसंत पडणे शक्यच नव्हते. एक तर नोकरी ठेवा, नाही तर हा प्रचार ठेवा, असा पेच पडला. रघुनाथरावांना प्राध्यापकी सोडावी लागली. येथे क्षणभर थांबून विचार करावा. या गृहस्थांना गणित येत होते. पगार बंद झाला म्हणजे काय होते, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. तरीही त्यांनी प्रचार सोडला नाही. मूल न होऊ देण्याचा जो निर्णय पतिपत्नींनी घेतला होता, त्याचा अर्थ या वेळी स्पष्ट झाला. घरात चार लेकरे असती तर हा बाणा राखता आला असता काय? त्यांच्या वडिलांनी तो राखला होता खरा, परंतु त्याची किंमत बायांनी आणि मुलांनी भरली होती. मुलाने ती किंमत दुसऱ्या पिढीवर पडू दिली नाही.

१५ जुलै १९२७ रोजी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. लेखक, संपादक, मुद्रिते तपासणारे आणि हिशेब ठेवणारे बहुतांशी तेच. मुखपृष्ठावर पुष्कळदा विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे सोवळी मंडळी ते चिमट्यातही धरीत नसत आणि चोरून मात्र वाचीत. आत पाहावे तर आरोग्य, लैंगिक शिक्षण, विवाहातील अडचणी, वेश्याव्यवसाय, आहार अशा विषयांवरील रोखठोक लेख आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे. हा प्रश्नोत्तरांचा भाग फार महत्त्वाचा होता. गावोगावची माणसे जे डॉक्टरला, वडीलधाऱ्यांना किंवा मित्राला विचारू शकत नव्हती, ते या मासिकाला पत्राने विचारीत आणि त्यांना न लाजविता उत्तर मिळे. रघुनाथरावांच्या नात्यातील शकुंतला परांजपे यांनी त्यांच्या कार्याला साथ दिली, आणि पुढे पुण्यात संततिनियमनाचे काम स्वतः चालविले. त्या १९६४ पासून सहा वर्षे राज्यसभेच्या सभासद होत्या.

रघुनाथरावांच्या विचाराचा गाभा असा होता की, शरीर ज्याचे निर्णय त्याचा, आणि बाळंतपण ज्या अर्थी बाईला सोसावे लागते त्या अर्थी तिच्या संमतीखेरीज ते तिच्यावर लादणे हा अन्याय होय. तिला सुखाचा हक्क पुरुषाइतकाच आहे, हेही ते निःसंकोच लिहीत. लोकसंख्या वाढून देशाचे नुकसान होते हा मुद्दा त्यांना ठाऊक होता, पण त्यांच्या लिखाणात केंद्रस्थानी देश नसून माणूस आहे, आणि त्यातही ती बाई आहे. आजच्या वाचकांना त्यांची काही मते पटणार नाहीत. विवाहाविषयी आणि नीतीविषयी ते पुष्कळदा इतके पुढे जात की त्यांचे स्नेहीसुद्धा कानांवर हात ठेवीत. परंतु पटो न पटो, ते लपवून बोलत नसत.

याचे प्रायश्चित्त न्यायालयात मिळाले. १९३१ साली व्यभिचारावरील लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, तो वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या खेपेस त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. बदनाम झालेल्या माणसाची बाजू घेऊन बाबासाहेबांना लाभ काहीच नव्हता. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे आणि लोकांच्या शंकांना शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा होऊ शकत नाही, अशी भूमिका त्यांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला आणि दोनशे रुपये दंड भरावा लागला. बाबासाहेब आणि रमाबाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली होती. घरातला पाळणा रिकामा होणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने श्री. पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला. अकरा मते अनुकूल आणि बावन्न प्रतिकूल पडून तो फेटाळला गेला.

विरोधकांत केवळ जुन्या वळणाचे लोक होते असे नव्हे. महात्मा गांधींनाही कृत्रिम साधने मान्य नव्हती. संयम हाच मार्ग, असे त्यांचे मत होते. १९३५ च्या डिसेंबरमध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन त्यांना भेटल्या, परंतु दोघांची मते जुळली नाहीत. रघुनाथरावांनी या संयमाच्या उपदेशावर कडाडून टीका केली. त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते. संयमाचा उपदेश नवऱ्याने पाळला नाही तर बाळंत बायको होते, त्यामुळे असा उपदेश बाईच्या काय कामाचा? या वादात अखिल भारतीय महिला परिषदेने मात्र संततिनियमनाची बाजू घेतली. त्रिवेंद्रमच्या तिच्या अधिवेशनास सँगरबाई स्वतः हजर होत्या. आपल्यासारख्या मंडळांना ही गोष्ट अभिमानाची वाटावी. पुढारी कचरत होते तेव्हा बायकांच्या परिषदा बोलत होत्या.

१९४४ साली मालतीबाई निवर्तल्या. त्यानंतरही रघुनाथरावांनी मासिकात खंड पडू दिला नाही. पदरमोड करून, मोजक्या वर्गणीदारांच्या आधारावर ते चालूच राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव मुंबईत वारले, आणि नोव्हेंबर १९५३ च्या अंकाने ‘समाजस्वास्थ्य’ही संपले. सव्वीस वर्षांहून अधिक काळ एका माणसाने एक मासिक एकहाती चालविल्याची उदाहरणे मराठीत थोडी. वडील तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. १९५८ साली महर्षींना भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी, ते गेले. बापाचा सत्कार देशाने केला, मुलाच्या वाट्याला दोन दंड आले.

आणि गंमत अशी की, त्यांच्या अखेरच्या दिवसांतच देशाने त्यांचा विषय उचलला. १९४९ साली धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने मुंबईत कुटुंबनियोजनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. १९५२ साली मुंबईत या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्याच वर्षी सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. पुढे लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला आणि छोट्या कुटुंबाच्या घोषणा रेडिओवर ऐकू येऊ लागल्या. परंतु या उत्साहात रघुनाथरावांचा मूळ मुद्दा मागे पडला. १९७६ साली आणीबाणीत माणसे पकडून शस्त्रक्रिया केल्या गेल्या, आणि आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही, हे आपले नशीब. आधी समाज बाईला म्हणत होता की मुले झालीच पाहिजेत, मग सरकार म्हणू लागले की होताच कामा नयेत. दोन्ही वेळा बाईला कोणी विचारले नाही. रघुनाथराव ज्यासाठी झगडले ते या दोहोंहून निराळे होते. ते म्हणजे, तिला सर्व माहिती द्या, साधन द्या आणि मग ठरविण्याचे तिच्यावर व तिच्या जोडीदारावर सोडा.

भगिनीहो, चरित्र वाचून बाजूला ठेवण्यासाठी लिहीत नाहीत. आज आपल्या महाराष्ट्रात दर बाईमागे सरासरी दोनहूनही कमी मुले होतात. तेव्हा मुले फार होतात हा आता आपल्या वसाहतींतला प्रश्न राहिलेला नाही. आता प्रश्न आहे तो केव्हाचा. या बाबतीत रघुनाथरावांपासून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत असे वाटते.

पहिली गोष्ट, हिशेब करणे म्हणजे मातृत्वाचा अपमान नव्हे. सून हप्त्यांचा विचार करते म्हणून ती स्वार्थी ठरत नाही. ती येणाऱ्या जिवाची सोय आधी पाहते आहे. मात्र हिशेब पुरा असावा. पैसा ही त्यातली एक रक्कम. घरात मूल सांभाळावयास कोण, नवरा रात्री उठणार की नाही, नोकरीत रजा किती, या रकमाही त्यात धराव्यात. कायद्याने दहा किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असतील तेथे पाळणाघराची सोय करणे मालकावर बंधनकारक आहे. हे पुष्कळ मुलींना ठाऊकही नसते. आणि आपल्या घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईला यातले काहीच मिळत नाही, तिचा हिशेब तर आपल्याहून अवघड.

दुसरी गोष्ट, माहिती दोन्ही बाजूंची हवी. रघुनाथरावांच्या काळी गर्भ राहू नये कसा, हे अज्ञान होते. आज निराळे अज्ञान आहे. सगळे स्थिरस्थावर झाल्यावर पाहू, असे म्हणताना शरीराचेही एक पंचांग असते हे विसरले जाते. पस्तिशीनंतर गर्भ राहणे हळूहळू कठीण होत जाते आणि बाळंतपणातील धोकेही वाढतात, हे वैद्यकशास्त्र सांगते. घराचे हप्ते वीस वर्षांचे असतात, त्यांच्या अखेरीची वाट पाहून चालत नाही. म्हणून लांबवावयाचे तर समजून-उमजून लांबवावे, आणि नवराबायको दोघांनी मिळून एकदा डॉक्टरांशी बोलून घ्यावे. दोघांनी हे मुद्दाम लिहिले आहे, कारण मूल राहिले नाही की तपासणीला आधी बाईलाच पाठविण्याची आपली जुनी खोड अजून गेलेली नाही.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या वडीलधाऱ्या बायकांसाठी आहे. मालतीबाईंना जे ऐकावे लागले असेल, ते आपल्या तोंडून दुसऱ्या मालतीबाईंना ऐकावे लागू नये. एखादीला मूल नको असेल, एखादीला हवे असून होत नसेल, एखादीचे नुकतेच पोटातच गेले असेल. जिन्यातल्या प्रश्नाला यातले काही कळत नाही. त्यापेक्षा त्या सुनेला दुपारी दोन तास बाळ सांभाळून देऊ, गरज लागली तर हाक मार, एवढे सांगावे. एखाद्या इमारतीतल्या चार आज्या मिळून आठवड्याचे दिवस वाटून घेतील, तर कित्येक जोडप्यांच्या हिशेबातली सर्वांत जड रक्कम हलकी होईल. आपल्या मंडळाने येत्या वर्षी हे काम हाती घ्यावयास हरकत नाही. बैठकीसाठी जी जागा आपण वापरतो, ती इतर दिवशी दुपारी रिकामीच असते.

रघुनाथरावांवर पुढे चित्रपट निघाला, नाटक झाले, चरित्रे लिहिली गेली. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा २००१ सालचा चित्रपट आणि अजित दळवींचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक आपल्यापैकी काहींनी पाहिलेही असेल. या मानमरातबाचा त्यांना स्वतःला काही उपयोग झाला नाही. परंतु आज एखादी मुलगी घाटकोपरच्या दवाखान्यात नवऱ्यासह बसून, न लाजता, डॉक्टरणीला विचारते की आम्ही अजून दोन वर्षे थांबलो तर चालेल काय, आणि डॉक्टरणी तिला नीट उत्तर देते. त्या उत्तराचे मोल या पतिपत्नींनी फार पूर्वी भरून ठेवले आहे. त्या उभयतांस आपल्या मंडळाचे कृतज्ञतापूर्वक वंदन.